झांकलेल्या व्याधीचा इतिहास

इतिहासकाराचे कान मोठ्या आवाजास सरावलेले असतात. लढाया, तह, दुष्काळ आणि सांथी यांचा गलबला त्यास शतकांच्या अंतरावरूनहि ऐकूं येतो. परंतु बंद दाराआड वर्षानुवर्षें सोसलेल्या दुखण्याचें कण्हणें त्याच्या दप्तरापर्यंत सहसा पोंचत नाहीं. इंग्रजी अमलांतील मृत्युनोंदींचे तक्ते ज्यांनीं चाळले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार व आंव, श्वसनाचे विकार, अपघात अशीं ठराविक सदरें असत आणि उरलेलीं सर्व मरणें 'इतर कारणें' या शेवटच्या सदरांत ढकललीं जात. मूळव्याध त्या शेवटच्या सदरांतहि क्वचितच शिरे. कारण ती मनुष्यास सहसा मारीत नाहीं. ती त्यास जगूं देते, आणि जगणें मात्र नकोसें करून सोडते. अशा व्याधीचा इतिहास लिहावयाचा तर साधनें कोठून आणावयाचीं, हा पहिला प्रश्न होय.

आमच्या खानदेशांत साधनांची वाण नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेवला आणि पुढील वर्षींच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. जुन्या मराठी पत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस 'शरीरीं समाधान नाहीं' हा ठराविक शब्दप्रयोग नवा नाहीं. मोहीम कां थांबली, भेट कां टळली, लग्नास येणें कां झालें नाहीं, याचें उत्तर पत्रलेखक या तीन शब्दांत देतो आणि पुढच्या मजकुराकडे वळतो. त्या तीन शब्दांच्या पोटांत ताप किती, संधिवात किती आणि मूळव्याध किती, हें आज कोण सांगणार? घोड्यावर मांड घालून दिवसचे दिवस काढणाऱ्या आणि शिळ्यापाक्या अन्नावर राहणाऱ्या त्या लोकांत ही व्याधि नसेल असें वैद्यकशास्त्र जाणणारा कोणीहि म्हणणार नाहीं. पण ताप आला तर लोक तसें लिहीत, देवी आल्या तर तसें लिहीत. या व्याधीचें नांव घेण्याची वेळ आली कीं लेखणी 'समाधान नाहीं' एवढ्यावरच भागवीत असली पाहिजे.

हा संकोच आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. मूळव्याधीच्या इतिहासांत औषधाचा तुटवडा फारसा कधीं पडलाच नाहीं; उपाय दोन हजार वर्षांपासून पोथींत होता, आणि आतां तो जिल्ह्याच्या गांवीं येऊन बसला आहे. रोगी आणि जाणता वैद्य यांच्यामध्यें आडवी आली ती लाज. आणि त्या लाजेच्या आडोशानें जो बाजार भरला, त्यानें व्याधीपेक्षांहि अधिक माणसें नाडलीं. तो इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या मुलखाकडे पाहूं. १९०६ सालीं इंग्रज सरकारनें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें. पुढें हेच जिल्हे आपापल्या मुख्य गांवांच्या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन कापसानें आणि केळीनें संपन्न. पण उन्हाळा असा कीं, वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. शरीरांतील पाणी घामावाटे निघून जावें आणि कोठा कोरडा पडावा, असें हें हवामान. त्यांत धंदेहि तसेच: दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारा कापसाचा अडत्या, बांकावर जखडलेला कारकून, खडबडीत रस्त्यावर गाडी हांकणारा गाडीवान आणि आतांचा मोटारचालक. बैठ्या धंद्याची आणि कोरड्या कोठ्याची गांठ पडली कीं या व्याधीस आमंत्रण देण्याची वेगळी गरज उरत नाहीं.

लोक मात्र दोष देतात तो मिरचीस. खानदेशचा ठेचा आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी यांची कीर्ति महाराष्ट्रभर असल्यामुळें परगांवच्या मनुष्यास तर हें कारण लगेच पटतें. पण हा न्याय अर्धवट आहे. तिखट ही व्याधि उत्पन्न करितें असें नाहीं. ज्यास ती जडली आहे त्यास तें झोंबतें, एवढेंच. खरें मूळ आहे तें कठीण मलांत, कुंथण्यांत, शौचास ताटकळत बसण्यांत आणि पाणी कमी पिण्यांत. या दृष्टीनें पाहिलें तर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत, पालेभाजी आणि यावल-रावेरकडचें केळें हें आमचें जुनें जेवण या व्याधीचें वैरीच होय. तें ताटांतून कमी झालें, मैद्याचे पाव आणि बिस्किटें त्याच्या जागीं आलीं, आणि शिव्या मात्र मिरचीनें खाल्ल्या!

स्त्रियांची कथा याहून कठीण. घरांत शौचकूप नसे, गांवाबाहेर जाण्याची सोय अंधारांतच. पहांटे एकदां आणि रात्रीं एकदां, मधल्या वेळीं शरीराची हांक आली तरी ती दाबून धरावयाची. पाणीहि त्या धास्तीनें बेतानें प्यावयाचें. गरोदरपणांत तर ही व्याधि सुस्थितींतील स्त्रीसहि गांठते. मग जिला दिवसभर शेतांत निंदणी करून रात्रीची वाट पाहावी लागे, तिच्या हालांस पारावार तो कोठला? आजीनें सुनेस आणि सुनेनें नातसुनेस हें सोसणें शिकविलें. यासाठीं घराघरांत शौचकूप होणें ही या व्याधीच्या इतिहासांतील एखाद्या नव्या शस्त्रक्रियेइतकीच मोठी गोष्ट आम्ही समजतों.

आतां शास्त्राकडे वळूं. सुश्रुतानें अर्श म्हणजे मूळव्याध हिची गणना आठ महाव्याधींत केली आहे. तिच्या पंक्तीस वातव्याधि, प्रमेह, कुष्ठ, भगंदर, मूतखडा, मूढगर्भ व उदर हे विकार बसविले आहेत. यावरूनच आमच्या पूर्वजांनीं तिला किती गंभीरपणें घेतलें होतें हें दिसतें. उपचारहि त्यानें अंदाधुंदीनें सांगितलेले नाहींत. औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चार मार्ग. पैकीं नुकत्याच उद्भवलेल्या व सौम्य अर्शास औषध, मऊ, पसरलेल्या व खोल असलेल्यास क्षार, खरखरीत व टणक असलेल्यास डागणी, आणि बारीक मुळाच्या, उंच आलेल्या व स्रवणाऱ्या अर्शास शस्त्र. प्रथम पाहावें, मग प्रकार ठरवावा आणि मग हात लावावा, हा तो क्रम.

पाहण्यासाठीं सुश्रुतानें एक यंत्रहि सांगितलें आहे. गाईच्या सडासारखा त्याचा आकार. तें धातूचें, हस्तिदंताचें, शिंगाचें किंवा लांकडाचें असावें. लांबी चार अंगुळें. त्यास छिद्रें दोन: एक दिसावें म्हणून आणि दुसरें क्षार, अग्नि इत्यादि कर्म करतां यावें म्हणून. क्षार लावल्यावर शंभर अक्षरें उच्चारण्यास लागतील इतका वेळ थांबावें, अर्शाचा रंग पिकलेल्या जांभळासारखा झाला म्हणजे कर्म नीट झालें असें जाणावें, आणि अनेक अर्श असल्यास सर्वांवर एकदम न धांवतां सात सात दिवसांच्या अंतरानें एकेकाचा उपचार करावा, इतका बारकावा त्या वर्णनांत आहे. या यंत्राच्या मापांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून आम्ही थबकलों. पुरुषांसाठीं घेर पांच अंगुळांचा आणि स्त्रियांसाठीं सहा अंगुळांचा, असें ग्रंथकार स्पष्ट सांगतो. म्हणजे स्त्री-रुग्ण वैद्यासमोर येईल, तिचीहि तपासणी होईल, हें त्यानें गृहीत धरलें होतें. ग्रंथांत जिच्यासाठीं वेगळें माप राखून ठेविलें, तीच पुढच्या काळांत वैद्याच्या दारापर्यंत येण्यास लाजूं लागली!

चरकाचा कल औषधाकडे आणि पथ्याकडे. अर्शावर ताकाची त्यानें केलेली स्तुति प्रसिद्ध आहे. सुरणास तर संस्कृतांत 'अर्शोघ्न' असें नांवच पडलें. जेवणानंतर ताक आणि उपासास सुरण ही आमच्या घरांतली रीत कोणत्या मार्गानें आली हें आतां सांगतां येत नाहीं, पण पोथी आणि स्वयंपाकघर यांचें या व्याधीपुरतें तरी वैर नव्हतें. पोथीचा हा ओघ आमच्या प्रदेशांतूनहि वाहत होता. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि, ज्यास आपण हेमाडपंत म्हणतों, त्यानें तेराव्या शतकांत वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली. आणि खानदेशचा मुलूख तेव्हां यादवांच्याच सत्तेखालीं होता. म्हणजे अर्शाचें निदान व चिकित्सा सांगणारे ग्रंथ आमच्या सीमेवर वाचले जात होते, त्यांवर भाष्यें होत होतीं.

मग तुटलें कोठें? आमच्या मतें तें पोथी आणि हात यांच्या सांध्यावर तुटलें. पंडित वैद्य नाडी पाहूं लागला, चूर्णें-काढे देऊं लागला, आणि रक्तापुवाचें काम हलकें समजून त्यानें तें सोडून दिलें. ज्याच्या हातीं पोथी होती त्याच्या हातीं शस्त्र राहिलें नाहीं, आणि ज्याच्या हातीं क्षार किंवा डागणी राहिली त्यास पोथी वाचतां येत नव्हती. पिढीजात कसब जपणारे हात या दुसऱ्या वर्गांत नव्हते असें नाहीं. पण कसब आणि परीक्षा यांची फारकत झाली म्हणजे निष्णात आणि भोंदू यांत रोग्यानें फरक करावयाचा कसा? एकोणिसाव्या शतकांत पोथीचा पुनरुद्धार झाला तो विशेषतः महाराष्ट्रांत. इंग्रजी पद्धतीनें डॉक्टर झालेले अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं 'अष्टांगहृदय' अरुणदत्ताच्या टीकेसह मुंबईंत छापून प्रसिद्ध केलें, डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं वाग्भट मराठींत आणून घरोघरीं पोंचविला. आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या खटपटीनें १९०७ सालीं वैद्यांचें पहिलें संमेलन खानदेशाच्या शेजारीं नाशिकास भरलें. पुण्यांत १९३३ सालीं टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघालें. तरीहि पोथी छापून निघाली म्हणून हात परत आले असें झालें नाहीं. त्यास आणखी काळ लोटावा लागला.

ही दशा केवळ आमचीच होती असें मात्र कोणी समजूं नये. फ्रान्सचा चौदावा लुई यास भगंदर झालें तेव्हां त्याच्या शस्त्रवैद्यानें, फेलिक्सनें, आधीं गोरगरीब रुग्णांवर हात बसवून घेतला आणि मग १८ नोव्हेंबर १६८६ रोजीं राजावर शस्त्र चालविलें. राजा बरा झाला, आणि कालपर्यंत जी गोष्ट कुजबुजून बोलावयाची ती एकाएकीं दरबारांत मिरविण्याची झाली. भगंदर नसलेले मानकरीहि तसलीच शस्त्रक्रिया मागूं लागले अशी कथा आहे. लाज ही व्याधींत नसते, ती लोकांच्या नजरेंत असते, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. गरिबांसाठीं मात्र राजवैद्य नव्हता. लंडन येथें १८३५ सालीं फ्रेडरिक सॅमन यानें अवघ्या सात खाटांचें एक रुग्णालय उघडलें, तें केवळ भगंदर व गुदरोग यांनीं पीडलेल्या गरिबांसाठीं. याच सॅमननें १८४१ सालीं प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया केली. तें सात खाटांचें रुग्णालय पुढें सेंट मार्क्स या नांवानें जगप्रसिद्ध झालें आणि गुदरोगांचें स्वतंत्र शास्त्र तेथें वाढलें.

अमेरिकेंतील हकीकत आम्हांस अधिक जवळची वाटेल. इलिनॉय प्रांतांतील मिचेल नांवाच्या एका डॉक्टरानें १८७१ च्या सुमारास मूळव्याधीच्या मोडांत कार्बोलिक अॅसिड टोंचण्याची युक्ति काढली व ती गुप्त ठेवली. तें गुपित फिरत्या वैदूंनीं विकत घेतलें आणि गांवोगांव हिंडून, 'कापाकापी नाहीं, वेदना नाहीं' अशी ग्वाही देत, त्यांनीं त्यावर पैसा केला. कोणास गुण आला, कोणाच्या जखमा चिघळल्या, कोणी प्राणासहि मुकलें. अखेर शिकागोचे शस्त्रवैद्य अँड्रयूज यांनीं तीन हजारांहून अधिक रोग्यांचे वृत्तांत जमवून १८७९ सालीं तें गुपित चव्हाट्यावर मांडलें, त्यांतील गुण व धोका दोन्ही सांगितले. आणि मगच औषधाचें प्रमाण, जागा व सावधगिरी यांचे नियम बसून ती युक्ति शास्त्रांत जमा झाली. द्रव्य फारसें बदललें नव्हतें; पण तें झांकलेलें असतां विष होतें आणि उघड्यावर आल्यावर औषध झालें.

आतां पुन्हा जळगांव-धुळ्याकडे येऊं. आगगाडी एकोणिसाव्या शतकाच्या साठीनंतर जळगांव-भुसावळास आली, आणि १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यापर्यंत फांटा झाला. मुंबईचें मोठें रुग्णालय त्यामुळें एका रात्रीच्या अंतरावर आलें. पण ज्या रुळांवरून रोगी मुंबईस जाऊं शकत होता त्याच रुळांवरून फिरते उपचारकहि येऊं शकत होते. स्टेशनाबाहेरच्या भिंती, बाजाराच्या दिवशींचे पाल, एसटीच्या थांब्याजवळचे माडीवरचे दवाखाने; आणि त्यांवर मूळव्याध, भगंदर 'बिना ऑपरेशन, शंभर टक्के खात्रीनें' बरें करण्याचे फलक! हे फलक ज्यानें पाहिले नाहींत असा वाचक महाराष्ट्रांत विरळा. सरकारनें १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला, १९३८ च्या कायद्यानें वैद्य-हकिमांचीहि नोंदवही घातली, १९६१ सालीं महाराष्ट्र राज्यानें आपला नवा कायदा केला. तरी फलक पुसले गेले नाहींत. कां?

सुशिक्षित लोक अशा वेळीं अडाण्यांच्या अडाणीपणावर बोट ठेवून मोकळे होतात. आम्हांस तें उत्तर पटत नाहीं. कारण त्या माडीचा जिना चढणाऱ्यांत वकील, मास्तर आणि पेढीवाले यांचीहि संख्या कमी नसते. फलक लावणारा मनुष्य रोग्यास तीन गोष्टी देतो. तो नांव विचारीत नाहीं. तो हंसत नाहीं. आणि 'कापावें लागणार नाहीं' असें पहिल्याच वाक्यांत सांगतो. मोठ्या रुग्णालयांत या तीनहि गोष्टींची खात्री रोग्यास वाटत नाहीं. तेथें रांगेंत दहा लोकांसमोर 'काय होतंय?' असा पुकारा होतो, आणि रोगी 'पोटांत दुखतें' असें सांगून पित्ताच्या गोळ्या घेऊन परततो. फलकवाल्याच्या हातून मात्र कधीं तीव्र द्रव्य टोंचलें जातें, कधीं मूळव्याध नसतांहि ती 'काढून' दाखविली जाते. व्रण पडतो, मार्ग आकुंचन पावतो, मलावरचा ताबा सुटतो. आणि फसलेला मनुष्य तक्रार करीत नाहीं. कारण तक्रार करावयाची म्हणजे ज्यासाठीं एवढा जिना चोरून चढला तेंच चारचौघांत सांगावयाचें! लज्जा ही अशा बाजाराचें भांडवल असते आणि तीच त्याची ढालहि असते.

या लज्जेस ज्यांनीं मान दिला नाहीं अशीं दोन उदाहरणें येथें सांगण्याजोगीं आहेत. रवींद्रनाथ टागोर १९१२ सालीं विलायतेस निघाले तेव्हां त्यांस मूळव्याध जडलेली होती आणि उपचार हाहि त्या प्रवासाचा एक हेतु होता. १९१३ च्या उन्हाळ्यांत लंडनमध्यें त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांस नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता आली. दुसरें उदाहरण महात्मा गांधींचें. १९१८ च्या आंवेच्या दुखण्यानंतर ते माथेरानास राहिले असतां गुदद्वारास पडलेल्या भेगांनीं त्यांस इतकें छळलें कीं, अन्न घेण्याचीच त्यांस धास्ती वाटूं लागली. पुढें १९१९ च्या आरंभीं मुंबईंत डॉ. दलाल यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ते अंथरुणावरून उठत होते तोंच रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला, आणि त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पण आम्हांस विशेष वाटतो तो पुढचा भाग. हीच हकीकत गांधींनीं आपल्या आत्मकथेंत, 'नवजीवन' साप्ताहिकाच्या हजारों वाचकांसमोर, आडपडदा न ठेवतां लिहून टाकली. डिसेंबर १९३६ मध्यें खेड्यांत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठीं ते आमच्या पूर्व खानदेशांतील फैजपुरास आले, तेव्हां त्यांच्या दर्शनास लोटलेल्या लोकांत हेंच दुखणें मुकाट्यानें सोसणारे किती असतील!

शास्त्राची गति दरम्यान थांबली नव्हती. सेंट मार्क्सच्या मिलिगन व मॉर्गन यांनीं १९३७ सालीं मोड कापून काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली ती आजहि चालते. १९६३ सालीं अमेरिकेंतील बॅरन यांनीं मोडाच्या मुळाशीं रबराचें बारीक कडें बसवून तो आपोआप गळून पाडण्याची सोपी युक्ति रूढ केली. तीस बहुधा भूल लागत नाहीं आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. १९७५ सालीं थॉमसन या शस्त्रवैद्यानें तर मूळ कल्पनेंतच पालट केला. त्यानें दाखविलें कीं, मूळव्याधीचे मोड म्हणजे बाहेरून आलेली कांहीं अपूर्व वाढ नव्हे. गुदमार्ग नीट मिटावा म्हणून रक्तवाहिन्यांनीं भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी मनुष्याच्या शरीरांत जन्मतःच असतात, आणि त्या घसरून खालीं आल्या कीं त्यांस आपण मूळव्याध म्हणतों. ज्या वस्तूची एवढी लाज बाळगावयाची ती प्रत्येकाच्या अंगीं उपजतच असावी, यांत विनोद आहे आणि शिकवणहि.

आमच्याकडील तुटलेला सांधाहि याच काळांत पुन्हा जुळूं लागला. चक्रपाणिदत्तानें अकराव्या शतकांत अर्श व भगंदर यांसाठीं हळद आणि निवडुंगाचा चीक यांचीं पुटें दिलेला दोरा सांगितला होता. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत विसाव्या शतकाच्या साठीनंतर त्या क्षारसूत्राचा पुन्हा पद्धतशीर अभ्यास झाला. भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेनें निरनिराळ्या ठिकाणच्या भगंदराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया आणि क्षारसूत्र यांची तुलना करून १९९१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्रानें बरें होण्यास वेळ अधिक लागला, पण व्याधि उलटण्याचें प्रमाण कमी, वर्षभरांत शेंकडा ४, आढळलें. शस्त्रक्रियेनंतर तें शेंकडा ११ होतें. हा पडताळा भगंदराचा आहे, मूळव्याधीचा नव्हे, हें विसरूं नये. पण जुन्या विद्येस मान द्यावयाचा तो कसा, याचा हा धडा आहे: तिची आरती न करतां आणि हेटाळणीहि न करतां तिला मोजून पाहावें. धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून आहे, जळगांवास २०१८ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. शल्यतंत्र शिकलेले आयुर्वेदाचे पदवीधरहि आतां या मुलखांत आहेत. एका रात्रीच्या प्रवासावर असलेला जाणता हात घराशेजारीं आला आहे.

असें असतां रोगी अद्यापहि चार-चार, पांच-पांच वर्षें गप्प कां बसतो? त्याचें दैनंदिन जिणें ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांस त्याची तऱ्हा ओळखीची असेल. तो लग्नाच्या पंगतींत उशिरां येतो आणि लवकर उठतो. लांबचा प्रवास टाळतो. बैठकींत एका कुशीवर रेलून बसतो. शौचास जाण्याची वेळ आली कीं त्याचा चेहरा उतरतो. घरच्यांस तो चिडका वाटतो. रक्त पडतें हें तो बायकोसहि सांगत नाहीं, आणि बायको तिचें पडतें तें कोणासच सांगत नाहीं. आणि येथेंच या विषयांतील खरा धोका आहे. मूळव्याध सहसा मारीत नाहीं हें खरें; पण शौचावाटे पडणारें प्रत्येक रक्त मूळव्याधीचेंच असतें हें खरें नव्हे. महिनोन् महिने थोडें थोडें रक्त जाऊन मनुष्य पांढरा पडतो, जिना चढतां त्यास धाप लागते, हा एक अनर्थ. याहून मोठा अनर्थ असा कीं, मोठ्या आंतड्याचा व गुदाचा कर्करोग आरंभीं याच सोंगानें येतो. रोगी आपल्याच मनाशीं 'मूळव्याध असेल' असें निदान करितो, गुप्तपणें एखादें मलम लावितो, आणि ज्या महिन्यांत बोट घालून व नळीनें पाहून रोग ओळखतां आला असता ते महिने निघून जातात. चाळिशी उलटलेल्या मनुष्यास नव्यानें रक्त पडूं लागलें, शौचाची संवय एकाएकीं बदलली, वजन उतरूं लागलें, तर त्यास मूळव्याध आहे असें ठरविण्याचा अधिकार त्याच्या शेजाऱ्यास नाहीं, फलकवाल्यास नाहीं आणि त्याच्या स्वतःसहि नाहीं. तो अधिकार ज्यानें पाहिलें त्याचा.

उलटपक्षीं, पाहून घेण्याच्या भयानें जे थांबले आहेत त्यांस आम्ही हेंहि सांगूं इच्छितों कीं, दाखविण्यास गेलेल्या बहुतेकांवर शस्त्र चालवावें लागतच नाहीं. पाणी, कोंड्यासकट धान्य, भाजीपाला, शौचास वेळेवर जाणें व तेथें वर्तमानपत्र घेऊन न बसणें (आतां वर्तमानपत्राची जागा मोबाइलनें घेतली आहे, तोहि बाहेर ठेवणें), एवढ्यानेंच पुष्कळांस उतार पडतो. उरलेल्यांतील बऱ्याच जणांचें टोंचणीनें किंवा रबरी कड्यानें भागतें. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांकडे आमचें मागणें औषधाचें नाहीं, बोलण्याचें आहे. ज्या घरांत रक्तदाब आणि मधुमेह यांची चर्चा चहाबरोबर होते त्या घरांत या व्याधीचें नांवहि साध्या स्वरांत उच्चारलें जावें. मुलानें बापास, सुनेनें सासूस विचारावें आणि सोबत जावें. डॉक्टरांनीं पुकारा न करितां दार लावून घेऊन विचारावें, आणि स्त्री-रुग्णास हवी असल्यास स्त्री-डॉक्टर मिळवून द्यावी. सुश्रुतानें यंत्रास दोन छिद्रें सांगितलीं, त्यांतलें एक पाहण्याचें. उपचाराचें छिद्र आपण दोन हजार वर्षें निरनिराळ्या रीतींनीं वापरीत आलों. पाहण्याचें मात्र लाजेच्या बोळ्यानें बंद करून ठेविलें. तो बोळा काढण्यास मुंबईस जावें लागत नाहीं.